विश्लेषण : कॅम्पिंगला गाडीवर पॉवर स्टेशन चार्ज करताय? सकाळी गाडी सुरू होईल ना, हे आधी पाहा

डिसेंबरातली रविवारची सकाळ. सांदण दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाबाहेर आमचे दोन तंबू होते. आवराआवर झाली, सामान डिकीत गेले, सेल्फ मारला आणि बॉनेटखालून नुसता ‘टक टक टक’ असा आवाज आला. गाडीची बॅटरी उतरली होती. मागच्या सीटवर ठेवलेल्या पॉवर स्टेशनच्या डिस्प्लेवर मात्र ७३ टक्के चार्जिंग दिसत होते.

झाले होते ते असे. शुक्रवारी रात्री दिवे, चौघांचे फोन आणि छोटा प्रोजेक्टर यांवर पॉवर स्टेशन २० टक्क्यांवर आले. शनिवारचा दिवस दरीत गेला, गाडी जागची हलली नाही. रात्री झोपताना एकाने पॉवर स्टेशनची वायर गाडीच्या सिगारेट लायटर सॉकेटमध्ये लावली. ‘सकाळपर्यंत होईल फुल’ असा साधा विचार. त्या रात्री गाडीतली वीज डब्यात गेली आणि गाडी रिकामी झाली. फोनला रेंज नव्हती. गावातल्या एका पिकअपवाल्याने जंप स्टार्ट दिला तेव्हा साडेनऊ वाजले होते. आमच्यातल्या एकाची दुपारची शिफ्ट बुडाली, एवढ्यावर भागले. रात्री कुणाला साप चावला असता, तर दवाखान्यात न्यायला दारात गाडी असूनही ती उपयोगाची नव्हती.

हिवाळ्यात भंडारदरा, पवना, राजमाची या भागांत तंबू ठोकायला जाणाऱ्यांच्या सामानात आता पॉवर बँकेसोबत पॉवर स्टेशनही दिसते. ते गाडीवर चार्ज होते, हे खोक्यावर लिहिलेले असते. किती वेळात होते, इंजिन बंद असताना केले तर काय होते आणि वायर कुठे जोडू नये, हे मात्र लिहिलेले नसते. त्याचा हा हिशेब.

पॉवर स्टेशनमध्ये नेमकी किती वीज मावते?

हिशेबासाठी एकच एकक लक्षात ठेवायचे : वॅट-तास. १० वॅटचा दिवा एक तास जळला की १० वॅट-तास वीज खर्च होते. असे १००० वॅट-तास झाले की आपल्या वीजबिलातला एक युनिट होतो.

पॉवर बँकेवर आकडा एमएएचमध्ये असतो, त्यामुळे गोंधळ उडतो. आतल्या लिथियम सेलचा व्होल्टेज साधारण ३.७ असतो. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास; त्याला ३.७ ने गुणले की ७४ वॅट-तास मिळतात. रूपांतरात काही वीज वाया जाते, त्यामुळे ५००० एमएएच बॅटरीचा फोन यावर चार वेळा नव्हे, तर जेमतेम तीन वेळा पूर्ण चार्ज होतो.

पॉवर स्टेशन हा त्याचाच मोठा भाऊ. साधारण २५० ते १००० वॅट-तास क्षमता, आत लिथियम बॅटरी, बाहेर यूएसबी, १२ व्होल्ट आणि घरातल्यासारखा २३० व्होल्टचा प्लग. ५०० वॅट-तासांच्या डब्यातून प्रत्यक्ष हाती येतात ते सव्वाचारशेच्या आसपास. त्यातही २३० व्होल्टच्या प्लगमधून वीज घेतली तर आतला इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. म्हणून फोन, दिवे, यूएसबी पंखा यांसाठी यूएसबी किंवा १२ व्होल्टचेच पोर्ट वापरावे.

गाडीच्या सॉकेटमधून किती वीज मिळते?

सॉकेटच्या झाकणावर बहुतेक गाड्यांत ‘१२ व्होल्ट, १२० वॅट’ असे लिहिलेले असते. म्हणजे कमाल १० अँपिअर. पॉवर स्टेशनसोबत येणारी गाडीची वायर त्याहून थोडी कमी, साधारण ८ अँपिअर घेते. हाती येतात ढोबळमानाने १०० वॅट.

घरच्या प्लगवर हेच यंत्र तास-दोन तासांत भरते, कारण तिथे ते तीनशे-पाचशे वॅट घेऊ शकते. गाडीत ५०० वॅट-तासांच्या रिकाम्या डब्याला पाच ते सहा तास लागतात. १००० वॅट-तासांच्या डब्याला दहा-बारा. यंत्र बिघडलेले नसते, गाडीचा सॉकेटच तेवढा असतो. जास्त मिळावे म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकणे हा सर्वांत धोकादायक उपाय. फ्यूज मागची वायर वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की जळण्याची पाळी वायरवर येते, आणि ती डॅशबोर्डच्या आत असते.

पॉवर बँकेची गोष्ट थोडी वेगळी. गाडीतल्या साध्या यूएसबी पोर्टमधून पाच ते बारा वॅटच मिळतात. ७४ वॅट-तासांची पॉवर बँक त्यावर भरायला आठ-नऊ तास सहज जातात. सॉकेटमध्ये ४५ किंवा ६५ वॅटचा टाइप-सी पीडी चार्जर लावला तर तेच काम दोन-अडीच तासांत होऊ शकते. अट एवढीच की पॉवर बँकेचे ‘इनपुट’ही तेवढे हवे. आउटपुट ६५ वॅट आणि इनपुट १८ वॅट, असे अनेक मॉडेलचे असते. खरेदी करताना आउटपुटचा मोठा आकडा पाहिला जातो. इनपुटचा बारीक अक्षरातला आकडा राहून जातो.

इंजिन बंद ठेवून चार्ज केले तर काय होते?

आमचे चुकले ते इथेच. इंजिन चालू असताना पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो. त्याचा व्होल्टेज साधारण साडेतेरा ते साडेचौदा असतो. गाडीचे दिवे, एसीचा पंखा आणि तुमचे पॉवर स्टेशन या विजेवर चालतात. बॅटरीही याच विजेवर भरते. इंजिन बंद झाले की हा झरा आटतो. मग जी वीज जाते, ती थेट गाडीच्या बॅटरीतून.

छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. १२ ने गुणले की ४२० वॅट-तास. म्हणजे ५०० वॅट-तासांचे पॉवर स्टेशन गाडीच्या बॅटरीपेक्षा मोठे आहे! लहान भांड्याने मोठे भांडे भरायला गेल्यावर लहान भांडे रिकामे होणार, हे उघड आहे. आमच्या पॉवर स्टेशनमध्ये त्या रात्री २० टक्क्यांवरून ७३ टक्के, म्हणजे सुमारे २६५ वॅट-तास वीज गेली. वाटेतली गळती धरली तर गाडीच्या बॅटरीतून तीनशेच्या आसपास वॅट-तास निघाले.

त्यात गाडीची बॅटरी ही थोडी थोडी वीज बराच वेळ देण्यासाठी बनवलेलीच नसते. सेल्फ मारताना काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअरचा झटका देणे, हे तिचे काम. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली तर सकाळी गाडी सुरू होईल याचा भरवसा नाही. थंडीत तिची ताकद आणखी घटते आणि इंजिनातले ऑइलही घट्ट झालेले असते. बॅटरी तीन-चार वर्षे जुनी असेल तर कागदावरचे ४२० वॅट-तास प्रत्यक्षात नसतातच. वारंवार अशी खोलवर उतरवली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि बॅटरी कायमची कमकुवत होते.

सुरक्षित मर्यादा किती? चांगल्या बॅटरीतून एक चतुर्थांशापेक्षा जास्त काढू नये, असे धरले तर छोट्या गाडीतून सुमारे १०० वॅट-तास मिळतात. म्हणजे पॉवर स्टेशनला इंजिन बंद असताना फार तर एक तास. रात्रभर मुळीच नाही.

इथे गाडीगणिक एक फरक पडतो. काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट बंद होतो, काहींत तो कायम चालू राहतो. आमची गाडी दुसऱ्या प्रकारातली होती आणि ते आम्हाला ठाऊक नव्हते. घरीच तपासता येते : सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावा, गाडी बंद करा, किल्ली काढा, दरवाजे लॉक करा आणि दहा-पंधरा मिनिटांनी फोन चार्ज होतोय का पाहा.

मग इंजिन सुरू ठेवून चार्ज केले तर?

चालते, पण महागात पडते. गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवले तर छोटी पेट्रोल गाडीही तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पेट्रोल पिते. लिटरला १०० रुपये धरले तर तासाला ५० रुपये. हाती काय येते? १०० वॅट-तास, म्हणजे युनिटचा दहावा भाग. या हिशेबाने एका युनिटला ५०० रुपये पडतात. घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये धरला तर पन्नास पट.

धावत्या गाडीत चित्र वेगळे असते. इंजिन तसेही चालू असते. १०० वॅट जास्तीचे काढायला लागणारे पेट्रोल ढोबळ हिशेबाने तासाला १०० मिलिलिटरहून कमी भरते.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न धुराचा आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी अशी लक्षणे दिसतात आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. तंबूशेजारी गाडी सुरू ठेवून झोपणे, पोर्चमध्ये किंवा ताडपत्रीच्या आडोशाला इंजिन चालू ठेवणे, काचा लावून चालू गाडीत झोपणे या गोष्टी चार्जिंगसाठीच काय, कशासाठीही करू नयेत.

प्रवासातच किती भरून घेता येते?

याचे उत्तर सोपे आणि समाधानकारक आहे. मुंबईहून कसारा-घोटीमार्गे साम्रदला जायला वाटेतला चहा-नाश्ता सोडून पाचेक तास लागतात. १०० वॅटच्या दराने तेवढ्यात ५०० वॅट-तास गाडीतून बाहेर निघतात आणि चारशेहून जास्त पॉवर स्टेशनमध्ये पोहोचतात. म्हणजे घरून ते रिकामे नेले तरी मुक्कामी जवळपास भरलेले उतरते. अर्थात घरून भरूनच न्यावे. दोन मुक्कामांच्या मध्ये गाडी दुसऱ्या ठिकाणी जाणार असेल, तर त्या प्रवासात वायर लावून ठेवावी.

आम्ही शनिवारी गाडी उभी ठेवली, म्हणजे आमच्याकडे चार्जिंगची सोय नव्हतीच. ते आधी कळले असते, तर शुक्रवारी प्रोजेक्टर लावलाच नसता. चौघांच्या एका रात्रीचा साधा हिशेब असा : ५ वॅटचे दोन दिवे पाच तास, ५० वॅट-तास. चार फोन, प्रत्येकी २५ प्रमाणे १००. स्पीकर, हेडलॅम्प वगैरे मिळून २०. एकूण १७०. म्हणजे ५०० वॅट-तासांत दोन रात्री आरामात निघतात. त्यात प्रोजेक्टर, लॅपटॉप किंवा गाडीतला फ्रिज आला की हिशेब बदलतो. इलेक्ट्रिक किटली तर विसराच. ती १५०० वॅट मागते, छोटे पॉवर स्टेशन तेवढे देऊच शकत नाही.

झोपेत श्वास अडखळण्याच्या त्रासासाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी हा हिशेब जास्त काटेकोर करावा. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर यंत्र साधारण ३० ते ४० वॅट घेते, आठ तासांचे २४० ते ३२० वॅट-तास. ह्युमिडिफायर सुरू असेल तर खर्च दुप्पट होऊ शकतो. घरीच एक रात्र ते यंत्र पॉवर स्टेशनवर चालवून सकाळी किती टक्के उरतात, हे पाहूनच निघावे.

गाडी उभीच राहणार असेल तर दोन पर्याय उरतात. एक, घडीचा सोलर पॅनल. १०० वॅटच्या पॅनलमधून भर उन्हात साठ-सत्तर वॅट येतात. डिसेंबरात दिवसभरात अडीचशे-तीनशे वॅट-तास मिळू शकतात. दोन, तंबू गावातल्या कुणाच्या अंगणात असेल तर घरमालकाला विचारून, विजेचे पैसे देऊन त्यांच्या प्लगवर चार्जिंग. आमच्या तंबूंपासून पहिले घर दहा मिनिटांवर होते. पॉवर स्टेशनमध्ये ‘स्लो चार्जिंग’ची सोय असेल तर जुन्या वायरिंगच्या घरात तीच वापरावी.

इन्व्हर्टर किंवा थेट बॅटरीवरून वायर टाकली तर?

बाजारात सॉकेटमध्ये लावायचे छोटे इन्व्हर्टर मिळतात. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि त्यात पॉवर स्टेशनचा घरगुती चार्जर लावायचा, अशी अनेकांची कल्पना असते. पण तो चार्जर तीनशे-पाचशे वॅट मागतो आणि सॉकेटची मर्यादा १२० वॅट. फ्यूज उडतो. शिवाय १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा कमी, अशा दोन रूपांतरांत वीज दोनदा गळते.

जास्त वेगाने चार्जिंग हवे असणाऱ्यांसाठी अल्टरनेटर चार्जर नावाचे उपकरण आहे. ते बॉनेटखाली बॅटरीला जाड वायरने जोडतात आणि इंजिन सुरू असतानाच ५०० ते ८०० वॅट देतात. मात्र ८०० वॅट म्हणजे साधारण ६० अँपिअर. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरची पूर्ण क्षमताच सत्तर-नव्वद अँपिअर असते आणि त्यातून गाडीलाही वीज लागते. मोठ्या एसयूव्हीत किंवा कॅम्पर व्हॅनमध्ये हे शोभते, हॅचबॅकमध्ये नाही. बसवायचेच तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, योग्य जाडीची वायर आणि जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन हवा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. वायरिंगमधल्या बदलांमुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

माइल्ड हायब्रिड आणि काही नव्या गाड्यांत आणखी एक गंमत असते. इंधन वाचवण्यासाठी त्यांचा अल्टरनेटर मधूनमधून व्होल्टेज कमी करतो. त्यामुळे पॉवर स्टेशनचे चार्जिंग वाटेत थांबल्यासारखे वाटते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी सोय असेल तर चार्जिंगपुरती ती बटण दाबून बंद ठेवावी.

इलेक्ट्रिक गाडी किंवा दुचाकी असेल तर?

इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्न बराच सोपा होतो. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ मधील नव्या आवृत्तीत ‘व्हेइकल टू लोड’ म्हणजे गाडीतून बाहेर २३० व्होल्ट वीज देण्याची सोय ३.३ केव्हीएपर्यंत आहे. ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये ३.६ किलोवॅटपर्यंत. नेक्सॉनच्या ४०.५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीतून ५०० वॅट-तासांचे पॉवर स्टेशन भरले तर गळती धरूनही दीड टक्क्याच्या आसपास चार्ज खर्च होतो. अशा गाडीसोबत वेगळे पॉवर स्टेशन लागेलच असे नाही. फक्त परतीच्या वाटेवरच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत पोहोचण्याइतका चार्ज राखून ठेवावा. घाटरस्त्यावर तो जास्त लागतो. त्यासाठीचा अडॅप्टर गाडीसोबत मिळाला आहे की वेगळा घ्यायचा आहे, हेही पाहावे.

दुचाकीची बॅटरी फारच लहान असते. तिच्यावर पॉवर स्टेशन चार्ज करण्याचा विचारही नको. हँडलवरच्या यूएसबी पोर्टवर गाडी चालू असताना फोन किंवा पॉवर बँक, एवढेच.

ऊन आणि थंडीत काय काळजी घ्यावी?

लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करायची असते. एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तापमान याच्या बरेच वर जाते. पॉवर स्टेशन डॅशबोर्डवर किंवा काचेजवळ ठेवू नये. गाडी सोडून जाताना सोबत न्यावे किंवा सावलीत गाडी लावावी. चार्ज होताना त्याचे पंखे झाकले जातील असे सामान त्यावर रचू नये.

स्पिती किंवा लडाखला जाणाऱ्यांची अडचण उलट असते. शून्याखाली चार्जिंग केले तर सेलचे कायमचे नुकसान होते. चांगल्या यंत्रातले सर्किट अशा वेळी चार्जिंग घेतच नाही. रात्री ते डिकीत न ठेवता तंबूत किंवा खोलीत ठेवावे आणि सकाळी गाडीचा हीटर थोडा वेळ चालल्यावर वायर लावावी.

५०० वॅट-तासांच्या यंत्राचे वजन सहा-आठ किलो भरते. घाटात जोरात ब्रेक लागला तर ते उडून पुढच्याला लागू शकते. पुढच्या सीटच्या मागे खाली किंवा बेल्टने बांधूनच ठेवावे.

एवढे करूनही गाडी सुरू झाली नाही तर?

आमच्या हातात ७३ टक्के भरलेले पॉवर स्टेशन होते आणि तरी आम्ही गाडी सुरू करू शकलो नाही. त्याचा १२ व्होल्टचा पोर्ट साधारण १० अँपिअर देतो. सेल्फला लागतात शेकडो. गाडी सुरू करण्यासाठी वेगळे ‘जंप स्टार्टर’ मिळते. ते खिशात मावेल एवढे असते, पण क्षणभर मोठा झटका देते. आडबाजूला जाणाऱ्यांनी ते किंवा किमान चांगली जंप केबल डिकीत ठेवावी.

केबल जोडण्याचा क्रम असा : लाल क्लिप आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग लालचे दुसरे टोक मदतीला आलेल्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी क्लिप मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हला आणि काळ्याचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. काढताना उलटा क्रम. गाडी सुरू झाल्यावर लगेच बंद करू नये. किमान अर्धा-पाऊण तास चालवावी.

धक्का मारून गाडी सुरू करणे फक्त मॅन्युअल गिअरमध्ये शक्य आहे. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय नाही. आणि बॅटरी पूर्ण उतरली असेल तर इंधन पंप आणि इंजिनाचा संगणकच चालू होत नाही, त्यामुळे मॅन्युअल गाडीलाही धक्का उपयोगी पडत नाही.

निघण्याआधी एवढे तपासा

– किल्ली काढल्यावर सॉकेट चालू राहतो का, हे घरीच पाहा. राहत असेल तर झोपण्यापूर्वी वायर काढणे हे एकाचे ठरलेले काम असू द्या.

– सॉकेटवरची वॅटची मर्यादा आणि पॉवर स्टेशनचे इनपुट वाचा.

– चार्जिंग सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर जोड सैल आहे. तसाच वापरू नका. एकाच सॉकेटचे तीन करणारे स्वस्त अडॅप्टर पॉवर स्टेशनसाठी वापरू नका.

– गाडीची बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बॅटरीच्या दुकानात तपासून घ्या.

– मुक्कामाच्या दिवसांत गाडी किती तास धावणार, ते मोजा. तेवढ्या तासांना १०० ने गुणा. गाडीवरून मिळणारी वीज फार तर तेवढीच. रात्रीचा खर्च त्यात किंवा घरून भरून नेलेल्या विजेत बसला पाहिजे.

हिशेब बसत नसेल तर एखादा दिवा कमी लावा. गाडीच्या बॅटरीतली वीज परतीच्या सेल्फसाठी राखून ठेवलेली आहे, असे समजा.